निम्मी जीभ

बर्गर त्याच्या तोंडात जाईना.

हणमंतनं तो दोन्ही हातांत धरून चारी बाजूंनी फिरवला, एका कडेनं दाबून पाहिला आणि तोंडाशी नेला. पण त्याचं तोंड दोन बोटांच्या वर उघडत नव्हतं. तंबाखूनं गाल आतून आखडत आणले होते, ते काही एका दिवसात झालेलं नव्हतं, पण इतकी उंच वस्तू आजवर त्याच्यापुढं आली नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या दोन कॉलेजच्या मुली बघत होत्या. त्यानं बर्गर परत कागदावर ठेवला.

"आक्का, उघडून खाल्लं तर चालतंय का?"

"खा की. कोण काय म्हणतंय?"

त्यानं वरचा पाव काढून बाजूला ठेवला. मग एखाद्यानं घड्याळ उघडावं तसा तो एकेक थर उचलून बघत गेला. पान, कांद्याची चकती, चीजचा पिवळा चौकोन, खाली टिक्की. टिक्कीचा तुकडा मोडून त्यानं आधी नाकाशी धरला.

"बटाटा कालचा हाय. वाटाणा बरा हाय. तेल बदलायला पायजे होतं."

"चवीवरून कळलं?"

"वासावरनं. चव आता उजव्या अंगालाच येतीय, तीबी थोडी."

तो तुकडा त्यानं उजव्या दाढेखाली सरकवला आणि सावकाश चावत राहिला. चावताना डावा डोळा आपोआप बारीक व्हायचा. मी समोर बसून बघत होते. आमच्या डोक्यावर कुठंतरी गाणं वाजत होतं, आणि दर दोन मिनिटांनी एक बाई माईकवर कुणाचा तरी नंबर पुकारत होती.

हणमंत माझा धाकटा भाऊ. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, तेव्हा एकेचाळीसचा. फलटणला आणि आसपासच्या तीस-चाळीस गावांत तो लग्नाचा आचारी म्हणून माहीत होता. पाचशे पानांची पंगत असो की दोन हजारांची, हाताखाली चार बायका आणि दोन गडी घेऊन तो रात्रीतून उभी करायचा. आमटीचं मीठ बघायचं तर पळीतला एक थेंब हाताच्या मागच्या बाजूला टाकायचा, जिभेच्या टोकानं टिपायचा आणि डोळे मिटायचा. मग काय घालायचं ते सांगायचा. पुन्हा चाखून बघायची गरज त्याला पडत नसे.

जिभेच्या डाव्या कडेला फोड आला तो दिवाळीत. माघात तो कशाचा आहे ते कळलं. आणि हा चैत्रातला बुधवार होता. संध्याकाळी सहाला त्याला पुण्यातल्या एका दवाखान्यात भरती व्हायचं होतं, आणि गुरुवारी सकाळी ऑपरेशन होतं. त्याची बायको, मालन, गुरुवारीच येणार होती. सकाळचा वेळ तपासण्यांत गेला. बाराला आम्ही बाहेर पडलो तेव्हा मी म्हणाले, "घरी चल. पिठलं-भात करते मऊ." मी हडपसरला राहत होते, एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला होते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात मी एकटीच.

तो म्हणाला, "घरी नको. ते मॉल म्हणत्यात तिथं न्हे मला. जिथं हे पास्ता-बिस्ता मिळतंय."

"तुला कशाला पास्ता?"

"बघायचंय."

रिक्षात बसल्यावर त्यानं सांगितलं. दोन हंगामांमागं फलटणच्या एका बड्या घरचं लग्न त्याच्याकडं होतं. म्हणजे निम्मंच होतं. आमटी, भात, जिलेबी त्याची, आणि मांडवाच्या दुसऱ्या अंगाला पुण्याहून आलेल्यांचे सहा काउंटर. कुणी कढईत शेवया परततोय, कुणी ओव्हनमधून रोट काढतोय, एका टेबलावर चॉकलेटचं कारंजं. लोक ताटं घेऊन तिकडं रांगेत उभे. त्याच्या जिलेबीच्या दोन पाट्या तशाच राहिल्या.

"मी दिवसभर लांबनं बघत हुतो. तिथला मुकादम म्हणाला, या की आचारी, चाखून तर बघा. म्या न्हाई गेलो."

"का?"

"मान आडवा आला." तो रिक्षाबाहेर बघत म्हणाला. "त्यानंतर दर दुसरा माणूस विचारतोय, आचारी, पास्ता येतो का? आता आलोयच पुण्यात तर बघू तरी दे, माझं गिऱ्हाईक कशानं नेलं ते."

त्याचं बोलणं तेव्हाही कळत होतं, पण त, द, ल जड झाले होते. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा पाहिलं.

बर्गरचं निम्म्याहून जास्त तसंच राहिलं. मग मी पिझ्झा घेतला, सगळ्यात लहान. त्याचा त्रिकोण त्यानं घडी घालून आत सरकवला. चीजची तार लांबली ती त्यानं बोटाला गुंडाळून तोडली आणि बोट नाकाशी नेलं.

"ह्यात कायतरी हाय," तो चावता चावता म्हणाला. "मैदा आदल्या दिवशी भिजवलाय. नीट फुगवलाय, नीट तिंबलाय. ज्यानं मळलाय त्याला हात हाय."

"आवडला?"

"आवडायचं नंतर. आधी काम बघावं."

टेबलावर मिरचीच्या कुटाची पाकिटं पडली होती. त्यातलं त्यानं एक फोडलं. मी नको म्हणायच्या आत पुढच्या घासावर शिंपडलंही. घास तोंडात गेला आणि तो जागच्या जागी थांबला. दोन्ही हात टेबलावर सपाट. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, हुंदका नाही, आवाज नाही, नुसतं पाणी. त्या मुली आता बघायच्या थांबल्या, मुद्दाम फोनमध्ये पाहू लागल्या. मी पाण्याची बाटली पुढं केली. त्यानं घोट तोंडात धरला, बराच वेळ धरला, मग गिळला.

"मिरची ताजी हाय," तो म्हणाला.

मी हसायला हवं होतं. तोही माझ्याकडं तसंच बघत होता, मी हसेन म्हणून. मला काही वाटत नव्हतं. सकाळपासून हे असंच चाललं होतं. कुणी काही म्हणालं की मला शब्द ऐकू यायचे, त्यांचा अर्थही कळायचा, आणि तो तिथंच थांबायचा, आत यायचा नाही. पिझ्झाचा एक तुकडा मी त्याच्या आग्रहाखातर खाल्ला. भिजलेला पुठ्ठा चावल्यासारखा लागला. मीठ नाही, आंबट नाही, काही नाही.

"तू खाईना झालीस," तो म्हणाला.

"भूक नाही."

"आई गेली तवाबी तू अशीच केली हुतीस. चार दिस मला भरवत हुतीस, सोता काय खात नव्हतीस."

"तुला काय आठवतंय? नऊ वर्षांचा होतास."

"खाल्लेलं सगळं आठवतं मला," तो म्हणाला. "तू केलेली पहिली भाकरी कच्ची हुती."

पास्ता त्याला सोपा गेला. पांढऱ्या रसातला, मऊ. पहिला चमचा घेऊन त्यानं भुवया वर केल्या, दुसरा घेतला आणि मान हलवली.

"आक्का, हा तर गव्हाचा चीक. मीठ घातलेला! ह्यासाठी रांगा लावल्या हुत्या त्या लोकांनी?" तो खरोखर चकित झाला होता. वाटी त्यानं संपवली मात्र. जिभेला टोचत नव्हतं ना. मोमो आले तेव्हा त्यानं एक फोडून आतला कोबी बघितला. "उकडीचा मोदक केला आन् गणपतीला कोबी दावला," असं म्हणून त्याला स्वतःलाच हसू आलं. हसताना तोंडाची डावी बाजू दुखली, तशी त्यानं गालाला हात लावला.

दोन महिन्यांत तो पहिल्यांदा हसत होता. मी घड्याळ बघितलं. सव्वादोन वाजले होते.

मग गोडाची पाळी. दुसऱ्या टोकाला गोडाचा वेगळा काउंटर होता. काचेमागं केकचे काप, वाट्या, ग्लासात भरलेले थर. तिथली बाई तिशी-पस्तिशीची, केसांवर जाळी बांधलेली. मी हणमंतसाठी जे मऊ दिसलं ते घेतलं. चीजकेक त्यानं एका घासात ओळखला, "खरवस हाय हा, गाईनं शहरात येऊन दिलेला." मग शेजारच्या टेबलावर एक लोखंडी तवा आला. तव्यावर चॉकलेटचा केक, त्यावर आइस्क्रीम, आणि वरून त्या बाईनं गडद रस ओतला तसा चर्र आवाज झाला आणि वाफेचा लोट उठला. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघू लागली.

हणमंत उठून उभा राहिला.

"आक्का. तवा पुढ्यात आणून द्यायचा!"

तो थेट काउंटरवर गेला. मी मागोमाग. "बाई, त्यो तवा किती वेळ गॅसवर ठेवायचा?"

बाईनं त्याच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं. तिला पहिल्यांदा बोलणं कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"दहा मिनिटं, काका. लाल नाही करायचा. लाल झाला तर सॉस जळतो, कडू होतो."

"आन् खाली लाकडी पाट कसला? आंब्याचा?"

"माहीत नाही हो. कंपनीकडून येतो."

"मी आचारी हाय. फलटणचा."

"हो का?" ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर खरंच काही बदललं. "माझी मावशी फलटणला दिलीय." तिनं आमच्यासाठी तवा तापवताना त्याला काउंटरच्या कडेला उभं राहू दिलं. त्यानं सगळं बघितलं. तव्यावर पाण्याचा थेंब टाकून ती ताप कसा बघते, रस आधी गरम करून ठेवते, आइस्क्रीम अगदी शेवटी.  इतकं एकचित्त झालेलं त्याला मी फक्त लग्नाच्या चुलवणापुढं बघितलं होतं.

टेबलाशी येऊन बसला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते.

"ऐक. तव्यावर पुरणपोळी. समजलं का? तापल्या तव्यावर अर्धी पोळी आणून पावण्यापुढं ठेवायची, आन् तिथंच वरनं गुळवणी ओतायची. चर्र! वेलदोड्याचा वास सगळ्या मांडवात. कोण जाईल मग चॉकलेटच्या कारंज्याकडं? सांग."

"कोणी नाही."

"तुळशीचं लगीन झालं की हंगाम सुरू. तोवर जखम भरंल ना?"

"भरेल."

"पळशीच्या लोहाराकडं तवे करून घ्यायचे. जाड लोखंडाचे. शंभर लागतील, जास्त न्हाई, पंगतीला नगं, नुसत्या व्याह्यांच्या पानाला." त्यानं बोटानं टेबलावर तव्याचा गोल काढला, त्याला कान काढले. मग आइस्क्रीमचा चमचा उचलून तोंडात धरला आणि डोळे मिटले. "गारानं बरं वाटतंय गं. बधिर व्हतीय."

जरा वेळानं डोळे न उघडताच त्यानं विचारलं, "निम्म्या जिभेला चव कळंल ना पण?"

मी तव्याखालचा पाट सरळ केला.

"डॉक्टर सकाळी तुला काय म्हणाले? मी तिकडं भुलीच्या डॉक्टरापुढं बसलो हुतो तवा. बाहेर आलो तर तू भिताडाला टेकून उभी."

"नेहमीचंच."

"किती काढणार म्हणाले?" आता त्यानं डोळे उघडले. "निम्मीच ना? खरं सांग. निम्मी गेली तर मी भागवतो. उजव्या अंगावर आत्ताबी भागवतोयच की. पण सगळी म्हणत असले तर मला इथंच सांग, मी स्वारगेटवरनं फलटणची गाडी धरतो. बिनजिभेचा आचारी हून मला ऱ्हायचं न्हाई. जे काय चार-सहा महिने असतील ते चुलीपुढं काढीन. मालनला मी सांगीन काय ते."

तवा अजून थोडा चुरचुरत होता. आइस्क्रीम वितळून काळ्या रसात मिसळत होतं. माईकवरच्या बाईनं एकशेबारा नंबर पुकारला.

"निम्मी," मी म्हणाले. "डावीकडची निम्मी."

त्यानं श्वास सोडला. माझ्या हातावर एकदा थोपटलं आणि केकचा तुकडा माझ्यापुढं सरकवला. "खा मग. रडायचं तोंड करून बसलीस ती उगंच."

मी तो खाल्ला. सगळा खाल्ला.

सकाळी अकरा वाजता, दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये डॉक्टर मला म्हणाले होते, "निम्मी ठेवायचा विचार होता, ताई. पण कालच्या स्कॅनमध्ये गाठ मधली रेघ ओलांडून गेलेली दिसतेय. जीभ ठेवता येणार नाही. पूर्ण काढावी लागेल."

मी विचारलं, नाही काढली तर. ते म्हणाले, सहा महिने, फार तर आठ, आणि ते सोपे नसतील. काढली तर, मी विचारलं. शंभरातले चाळीस-पंचेचाळीस जगतात, ते म्हणाले. बोलणं जाईल, चव जाईल, खाणं पातळ होईल. "त्यांना मीच सांगायला हवं. पण तुमचं ते ऐकतात असं दिसतंय. तुम्ही आज संध्याकाळपर्यंत मनाची तयारी करा त्यांची. उद्या सही घेताना मी सविस्तर बोलतो."

गुरुवारी सकाळी साडेसहाला मी डॉक्टरांना जिन्यातच गाठलं.

"सगळं सांगितलंय त्याला," मी म्हणाले. "रात्रभर झोपला नाही. आता पुन्हा त्याच्यापुढं नका काढू. धीर सुटेल त्याचा."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "नक्की सांगितलंत?"

"नक्की."

हणमंत रात्रभर छान झोपला होता. पांढऱ्या गाऊनमध्ये कॉटवर मांडी घालून बसला होता. मालन फलटणहून पहाटेच्या एसटीनं निघाली होती. मुलगी दहावीला होती, पूनम, तिला शेजारी ठेवून. मालन अजून पोचायची होती. डॉक्टर आत आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय हणमंतराव, ताईंनी सांगितलंय ना सगळं? काय काढणार आहोत ते?"

"व्हय. सांगितलंय की."

"समजलंय?"

"समजलंय."

"काही विचारायचंय?"

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. 

"हात हलका ठेवा," हणमंत म्हणाला. "आणखी काय न्हाई."

सिस्टरनं फॉर्म पुढं केला. मराठीतच होता, बारीक अक्षरांत, तीन पानं. हणमंतनं तो जवळ धरला, लांब धरला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "चष्मा दे गं."

पिशवी माझ्या मांडीवर होती. चष्मा वरच्याच कप्प्यात होता.

"कशाला?" मी म्हणाले. "खूण केलीय बघ तिथं. तिथं कर सही."

त्यानं सही केली. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, अक्षर एकेक सुटं काढायचा. पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचं नावही. पेन सिस्टरला परत देताना स्वतःच्या गाऊनला पुसून दिलं.

ऑपरेशन नऊ तास चाललं. मालन आली, माझ्या शेजारी बाकावर बसली.  संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, सगळं स्वच्छ निघालं. मालननं त्यांच्यापुढं हात जोडले. तिला वाटत होतं निम्मी.

नंतर तिला डॉक्टरांनीच सांगितलं. त्यांना वाटत होतं तिला माहीत आहे. तिनं माझ्याकडं वळून बघितलं, पण काही विचारलं नाही.

सहाव्या दिवशी त्याला वॉर्डात आणलं. नाकात नळी, गळ्याला भोक, मानेला पट्टी. मालन अंघोळीला गेली होती. सिस्टरनं बोलण्यासाठी म्हणून शाळेतली पाटी-पेन्सिल दिली होती, ती त्यानं उशाखालून काढली. बराच वेळ लागला त्याला. हातालाही सलाइन होतं. मग पाटी माझ्याकडं वळवली.

"तुझी असती तर?"

मी ते वाचलं. तो माझ्या तोंडाकडं बघत थांबला. त्याला घाई नव्हती. खिडकीखाली कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.  मग त्यानं तळव्यानं पाटी पुसली आणि परत उशाखाली ठेवली.

तो नऊ वर्षं जगला. नुसता तग धरून राहिला असं नाही, नीट जगला. भांडी भाड्यानं द्यायचा व्यवसाय केला, पातेली, पराती, चुलवणं. वहीत लिहून गिऱ्हाइकाशी बोलायचा. त्याच्या वह्या भरून पडल्या आहेत. पातळ करून, मान मागं टाकून, पेल्यानं जेवायचा. पूनमला बारावीला चांगले मार्क पडले तेव्हा गल्लीत पेढे वाटले. तिचं लग्न त्यानं उभं केलं. नातू झाला तो त्याच्या पोटावर झोपायचा, आणि हा घशातून एक आवाज काढायचा, त्यावर ते पोर खिदळायचं. हे सगळं मी बघितलं आहे. स्वयंपाक मात्र त्यानं पुन्हा केला नाही. घरात मसाला भाजायला घेतला की पायात चपला घालून तो बाहेर जायचा.

माझ्याशी वाईट वागला नाही. दर भाऊबीजेला हडपसरला यायचा, पाटावर बसायचा, ओवाळून घ्यायचा, पुढं लुगडं ठेवायचा. मी आजारी पडले तेव्हा चार दिवस येऊन राहिला, दूध आणायचा, कपडे वाळत घालायचा. मालनला लिहायचा, पूनमला लिहायचा, दारावर आलेल्या भंगारवाल्याला लिहायचा. मला त्या पाटीनंतर एक अक्षर लिहिलं नाही. काही विचारलं तर मानेनं हो, मानेनं नाही. सुरुवातीला मी वही पुढं करायची. तो ती हळूच बाजूला सरकवायचा. नंतर मी करायची थांबले.

मी हे त्याच्यासाठी केलं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते निम्मं खरं आहे.

गेल्या मार्गशीर्षात, दुपारी, अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या तो गेला. हृदय बंद पडलं. जिभेच्या आजाराचा त्याच्याशी संबंध नव्हता. मी पोचले तेव्हा त्याला आत घेतलं होतं. पूनम माझ्या गळ्यात पडून रडली, शेजारणी रडल्या. मी कुणाला पाणी हवं, कुणाला चहा हवा ते बघत होते. माझ्या डोळ्यांत काही आलं नाही. बायका त्यावरून आपसांत बोलल्या असतील.

तेराव्याची माणसं गेली. पूनम पोराला घेऊन आत झोपली. मालन मागच्या दारी मोरीपाशी पातेली घासत होती, मी उंबऱ्यावर बसले होते. ऊन उतरलं होतं. आणि मी तिला सांगितलं. मॉल, निम्मी म्हणालेलं, जिन्यातले डॉक्टर, चष्मा, सगळं. बारीकसारीक काही सोडलं नाही. सांगताना माझा आवाज अगदी सपाट येत होता, शाळेत रजिस्टर वाचून दाखवावं तसा.

मालन घासत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "मला म्हाईत हाय, वन्सं. घरी आल्यावर पंधरा दिसांनी त्यांनी लिहून सांगितलं हुतं. आक्कानं फसवलं म्हणून."

"मग इतकी वर्षं मला विचारलं का नाहीस?"

"इचारून काय करायचं हुतं?" तिनं पातेलं उलटं करून राखेचा हात फिरवला. "मला ते पायजे हुते. माझी पोर दहावीला हुती. तुमी मला इचारलं असतं तर मीबी निम्मीच म्हणून सांगा म्हणाले असते. मग म्या कुठल्या तोंडानं इचारू?"

आत पोर कुशीवर वळलं, कुरकुरलं, पुन्हा शांत झालं.

"मालन," मी म्हणाले, "त्यानं मला माफ केलं होतं का गं? तुला कधी काही लिहिलं होतं?"

तिचा हात थांबला. ती माझ्याकडं वळली. तिच्या कपाळावर राखेचं बोट उमटलं होतं.

"न्हाई, वन्सं," ती म्हणाली. "म्या लई सांगून बघितलं. पूनमच्या लग्नात तर पाया पडले त्यांच्या, म्हटलं आता तरी वन्संस्नी दोन अक्षरं लिहा. न्हाई म्हणाले. शेवटपातुर न्हाई."

तिला हो म्हणता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. खरं-खोटं तपासायला आता कुणी नव्हतं, वह्या तिच्या घरात होत्या, आणि ती माझ्यापेक्षा दयाळू बाई आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तरीही तिनं मला खरं सांगितलं.

माझ्या घशातून आधी एक आवाज निघाला, तो माझाच आहे हे मला कळायला वेळ लागला. मग मी उंबऱ्यावर, चौकटीला डोकं टेकून, मोठमोठ्यानं रडायला लागले. पूनम आतून धावत आली. मालननं हातानंच तिला थांबवलं आणि पुढचं पातेलं घासायला घेतलं.